चित्रतुरगाची उडी

झाशीच्या किल्ल्यात तटाच्या एका कडेला एक फलक आहे. राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक पुत्राला पाठीशी बांधून येथूनच घोड्यासह उडी घेतली, असे तो सांगतो. किल्ला पाहण्यास आलेला मनुष्य त्या ठिकाणी हटकून थांबतो, वाकून खाली पाहतो आणि त्याची नजर एकदोनदा वरून खाली व खालून वर फिरते. वास्तविक पाहण्याजोगे तेथे काहीच नसते. वर तट आहे, खाली जमीन आहे; घोडा नाही, स्वार नाही. तरीही तो मनुष्य काहीतरी पाहत असतो, आणि जे पाहतो ते त्याला पटलेलेही असते. एका हालचालीची दोन टोके त्याला हाती लागलेली असतात; मधली हालचाल तो स्वतःच्या पदरची घालतो.

सचेतनपट, म्हणजे ज्याला आज सर्रास ॲनिमेशन म्हटले जाते तो चित्रपटप्रकार, नेमक्या याच व्यवहारावर उभा आहे. त्यात चित्रे स्थिर असतात. गती कोणत्याही एका चित्रात नसते. सेकंदाला चोवीस या वेगाने ती डोळ्यांसमोरून सरकली की गती निर्माण होते, आणि ती निर्माण होते चित्रांच्या मधल्या फटीत. कॅनडातील थोर सचेतनकार नॉर्मन मॅक्लारेन याने या कलेचे मर्म प्रत्येक चित्रावर काय आहे यात नसून दोन चित्रांच्या दरम्यान काय घडते यात आहे, अशा आशयाचे विवेचन केले होते. हे विवेचन मान्य केले तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. अशा चित्रपटांतील चित्रे चौकटीत बसवून संग्रहालयाच्या भिंतीवर टांगली जातात, तेव्हा भिंतीवर नेमके काय टांगलेले असते? आणि चित्रपट परीकथेचा असेल, तर तिच्यातील कथेचे काय होते? अशी प्रदर्शने जगभर भरतात, गर्दी खेचतात, आणि त्यांविषयी लिहिले जाते ते बहुधा कौतुकाने किंवा गतकाळाच्या ओढीने. साहित्यविचाराच्या बाजूने मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही. त्याच्या घरातच तो दीर्घकाळ अनुत्तरित पडून आहे.

रसचर्चेत शंकुकाने वापरलेला चित्रतुरगाचा दृष्टान्त अभ्यासकांना परिचित आहे. चित्रातला घोडा पाहून होणारी 'हा घोडा' ही प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे. ती या चारही ज्ञानप्रकारांहून वेगळी आहे. नटाच्या ठिकाणी होणारी रामाची प्रतीती तशीच, असे त्याला म्हणावयाचे होते. अभिनवगुप्ताने शंकुकाचे मत खोडून काढले ते काढले, पण दृष्टान्त मात्र टिकला. शंकुकाचा घोडा उभा आहे की धावत आहे, हे कोणी विचारले नाही. तो धावत असेल तर त्याच्या चार पायांपैकी कोणते दोन उचललेले आहेत, आणि पुढच्या क्षणी कोणते उचलले जातील, हा प्रश्न प्रतीतीच्या स्वरूपाला स्पर्श करतो की नाही? अठराव्या शतकात, 1766 मध्ये, लेसिंगने 'लाओकून' या प्रबंधात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. चित्र ही अवकाशाची कला आणि काव्य ही कालाची. म्हणून चित्रकाराने घटनेचा परमोच्च क्षण न निवडता त्याच्या अलीकडचा, ज्याच्या पोटात पुढचे सर्व सामावले आहे असा क्षण निवडावा. कल्पनेला पुढे जाण्यास जागा राहिली पाहिजे.

लेसिंगचा हा निकष झाशीच्याच कथेला लावून पाहण्यासारखा आहे, कारण तिचे एक अस्सल मराठी गद्यरूप उपलब्ध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्यात झाशीत होते. त्यांनी पुढे लिहिलेला 'माझा प्रवास' 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी संस्कार करून छापला आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. गोडसे भटजींना सांगायचे आहे ते बाईसाहेबांचे मध्यरात्री निघून जाणे. पाठीशी मूल बांधलेले आहे, जवळ पैसाही नाही, एक रुप्याचा जांब तेवढा आहे. आणि त्याहूनही वाचकाच्या मनात घर करतो तो पुढचा, काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग. धुळीने माखलेली राणी ब्राह्मणाला पाणी काढण्याचे श्रम देत नाही. स्वतः काढते आणि पिते. यातील एकही क्षण शिल्पकाराने निवडला नसता. लोककथेने आणि शहराशहरांतील पुतळ्यांनी निवडला तो उधळलेल्या घोड्याचा क्षण. चित्राला शिखर हवे असते, गद्याला उतरण चालते. भटजींच्या गद्यात राणी थकते. पुतळ्यातील राणीला थकण्याची सोय नाही, कारण तिच्या घोड्याचे पुढचे पाय कधीच जमिनीला लागणार नाहीत.

येथे परीकथेचा विशेष लक्षात घ्यावा लागतो. 'परीकथा' हा मराठी शब्दच मुळी दोन परभाषांच्या संगमातून आला आहे: परी फारसी आणि कल्पना इंग्रजी वळणाची. खुद्द मराठी कहाण्यांतून पऱ्या फारशा भेटत नाहीत. तेथे नागकन्या आहेत, साती आसरा आहेत, बोलणारे पक्षी आहेत आणि आटपाट नगरात नांदणारे राजे आहेत. पण परीकथा कोठलीही असो, तिच्या केंद्रस्थानी एक क्रिया हमखास असते, ती रूपांतराची. बेडकाचा राजपुत्र होतो, भोपळ्याची गाडी होते, दगडाची बाई होते. शब्दाला हे काम एका क्रियापदात उरकता येते. 'झाला' म्हटले की झाला. कसा झाला हे कहाणी सांगत नाही, आणि ते न सांगण्यातच तिचे सामर्थ्य आहे. चित्राला ते मुळीच साधत नाही. चित्र एक तर बेडूक दाखवील, नाही तर राजपुत्र. फार तर दोन चित्रे शेजारी मांडून मधली जागा प्रेक्षकावर सोपवील. सचेतनपट ही पहिली कला, जिने बेडूक आणि राजपुत्र यांच्या मधले, ज्याला कोणत्याही भाषेत नाव नाही असे रूप प्रत्यक्ष डोळ्यांपुढे आणले. सचेतनपटाने आरंभापासून परीकथेचीच कास का धरली, याचे कारण मुलांच्या करमणुकीत शोधणे हे फार वरवरचे आहे. माध्यमाची प्रकृती आणि कथाप्रकाराची प्रकृती येथे जुळून आली.

म्हणूनच प्रदर्शनाचा प्रश्न परीकथेच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट' 1937 च्या डिसेंबरात पडद्यावर आला. त्यासाठी लक्षावधी चित्रे काढली गेली. त्या काळी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर रंगवलेली आकृती छायाचित्रण झाले की धुऊन टाकीत आणि तोच पत्रा पुन्हा वापरीत. ज्या वस्तूला काम झाल्यावर पुसले जाणे हेच प्राक्तन होते, ती 1938 पासून सॅन फ्रान्सिस्कोतील एका कलादालनामार्फत चौकटीत बसवून विकली जाऊ लागली, आणि चित्रपट येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यातील गिधाडांचे एक चित्र आपल्या संग्रहात स्वीकारले. ही घटना बरीच गाजली. सचेतनपटाला कलेचा दर्जा मिळाला असे मानले गेले. मात्र दर्जा कोणाला मिळाला हे नीट पाहिले पाहिजे. तो मिळाला एका चित्राला. चित्रपटाची जी कला, ती त्या दोन गिधाडांच्या पंखांबरोबर भिंतीवर येऊ शकली नव्हती.

प्रदर्शनांच्या निवडीत तेव्हापासून एक दोष मुरला आहे. भिंतीवर लावण्यासाठी साहजिकच सुंदर चित्रे निवडली जातात: पार्श्वभूमीची जलरंगातील अरण्ये, किल्ले, चांदण्या रात्री, किंवा चित्रपट सुरू होण्याआधी कल्पना पक्की करण्यासाठी काढलेली मोठी रंगचित्रे. ती चित्रे खरोखरच चांगली असतात आणि चित्र म्हणून त्यांचा आस्वाद घेता येतो. परंतु अरण्य हलत नाही. जी आकृती हलते तिची मधली चित्रे पुष्कळदा कुरूप असतात. धावत्या पायाचे बोट अवाजवी लांबलेले, वळणाऱ्या चेहऱ्यावर दोन नाके, उडीच्या मध्यावर सबंध देह एका तिरप्या पट्ट्यासारखा ओढलेला. ही विकृती म्हणजेच सचेतनकाराचे व्याकरण आहे. सुटे पाहिले तर चित्र फसलेले दिसते; ओळीत सरकले तर तेच चित्र सर्वांत अधिक काम करते. ज्या प्रदर्शनातून अशी कुरूप चित्रे वगळली जातात, ते चित्रकलेचे प्रदर्शन असते, सचेतनपटाचे नव्हे. काव्यसंग्रहातून विशेषणे तेवढी वेचून काढावीत आणि क्रियापदे टाकून द्यावीत, तसा हा प्रकार होतो.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा येथे उपयोग आहे, पण तो जपून करावा लागतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी संवेदनांची रचना होते, असे त्यांनी मांडले. भिंतीवरच्या चित्रातील रंगरेषांना ही लय असतेच. सचेतनपटातील लय मात्र रंगांच्या परस्परसंबंधांत नाही, ती बदलांच्या परस्परसंबंधांत आहे. या बदलातून घडलेला त्या बदलाशी संवाद साधतो, त्याला विरोध करतो. दोन घटकांऐवजी दोन अंतरांचे नाते म्हणजे काय, याचा विचार मर्ढेकरांना संगीताच्या संदर्भात करता आला असता. सचेतनपट त्यांच्या विवेचनात येत नाही, याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

मराठी प्रदेशात या कलेची परंपरा समजली जाते त्याहून जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले. काचेवर रंगवलेली पात्रे पडद्यावर हलवली जात आणि सोबत निवेदन व गाणे असे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी अंकुराच्या वाढीचे चित्रण केले ते एकेक चौकट टिपूनच, आणि 1915 मध्ये आगकाड्यांना हालचाल देणारा लघुपटही केला. प्रभात कंपनीचा 'जंबूकाका' 1934 चा. कोल्ह्याला मराठीने संस्कृतातील 'जंबुक' घेऊन त्याला काका केले, हे पंचतंत्राचे मराठीकरण त्या एका शब्दातच पुरते झाले आहे. 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडे काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्याकडून सचेतनपटांचे शिक्षण देण्याची व्यवस्था झाली. त्यातून 1957 मध्ये न्यग्रोधमृगाच्या जातकावरील 'द बनियन डिअर' हा लघुपट निघाला. भारतीय सचेतनपटाचे पुढचे अध्वर्यू राम मोहन यांची घडण याच विभागात झाली.

या लघुपटाविषयी एक शंका नोंदवणे भाग आहे. त्याची रेषा अजिंठ्यावरून घेतलेली होती. डिस्नेच्या गोलगरगरीत हरणांपेक्षा ही निवड निश्चितच अधिक समजूतदारपणाची म्हटली पाहिजे. पण अजिंठ्याकडून घेण्यासारखी रेषेहून मोठी गोष्ट तेथे भिंतीवरच होती. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकात तोच राजपुत्र एकाच सलग चित्रात पुन्हा पुन्हा येतो: येथे दान देताना, तेथे नगर सोडताना, पलीकडे अरण्यात. मध्ये चौकटी नाहीत. काल पुढे सरकतो तो पाहणाऱ्याच्या पायांनी आणि नजरेने. भिक्षूच्या हातातील दिव्याच्या उजेडात तर तो किती सावकाश सरकत असेल, याची कल्पना करावी. अजिंठ्याची रेषा हलवून दाखवणे म्हणजे अजिंठ्याने सोडवलेला प्रश्न बाजूला ठेवून त्याचा पोशाख तेवढा घेणे होय. यात फिल्म्स डिव्हिजनच्या कलावंतांचे कौशल्य कमी लेखण्याचा हेतू नाही. शिकाऊ अवस्थेतील कलेने थोर पूर्वजाचा पोशाख अंगावर चढवावा, हे कलेच्या इतिहासात सर्वत्र घडले आहे.

गतीची वाटणी कोण कशी करतो, हे पाहिले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. चित्रपटगृहात चित्र हलते आणि प्रेक्षक बसून असतो. लेण्यात व संग्रहालयात चित्र स्थिर असते आणि प्रेक्षक चालतो. तिसरीही एक रीत आहे. तीत चित्र स्थिर, प्रेक्षकही स्थिर, आणि चालतो तो मधल्या माणसाचा आवाज. ही रीत चित्रकथ्याची.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कुटुंबांनी ही कला आजतागायत राखली आहे. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. हा शब्दप्रयोग फार बोलका आहे. ज्या संचात अक्षर जवळजवळ नाही, त्याला ते लोक चित्रावळ म्हणत नाहीत, पोथी म्हणतात. त्यांच्या दृष्टीने तो ग्रंथ आहे. कागदाच्या दोन चित्रांच्या पाठी एकमेकींना चिकटवलेल्या असतात. सांगणारा एकेक चित्र उभे धरतो, वाद्याच्या साथीवर गातो, गद्यात बोलतो, प्रश्नोत्तरे करतो, आणि मग पुढचे चित्र घेतो. कथा रामायणाच्या किंवा महाभारताच्या; पण पुष्कळ वेळा वाल्मीकीला वा व्यासाला ठाऊक नसलेल्या. मातीने आणि जिभेने घडवलेल्या.

या चित्रांतील आकृत्या एका बाजूने काढलेल्या असतात, डोळे मोठे, वस्त्रांवर ठसठशीत वेलबुट्टी. दोन वीर समोरासमोर उभे आहेत आणि मध्ये बाण आहेत. सांगणारा या एका चित्रावर बराच वेळ राहू शकतो. त्या वेळात वीर एकमेकांना हिणवतात, कुळे काढतात, एक बाण सोडतो, दुसरा तोडतो, आकाशात देव जमतात. चित्र तेच. आवाजाने सांगितले की बाण सुटला, तर तो सुटलेला दिसतो. आवाज म्हणाला की अजून सुटायचा आहे, तर तोच बाण धनुष्याला लागलेला दिसू लागतो. लेसिंगने चित्राला एक क्षण निवडण्याची सक्ती केली होती. चित्रकथ्याचे चित्र एक क्षण निवडतच नाही. ते क्षणांसाठी एक आसन मांडून ठेवते आणि आवाज एकामागून एक क्षण त्यावर आणून बसवतो. सचेतनपट दोन चित्रांमधील फट वेगाने बुजवतो. चित्रकथी ती आवाजाने रुंद करतो. दोन्ही कलांचा प्राण त्या फटीतच आहे, आणि नात्याने त्या सख्ख्या आहेत.

आता या पोथ्यांचे संग्रहालयात काय झाले ते पाहावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या परंपरेतील, 'पैठण शैली' या नावाने ओळखली जाणारी चित्रे आहेत. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून, दिवे, अडकित्ते, दौती यांच्या बरोबरीने ती जमवली. त्यांनी ती जमवली नसती तर आज ती पाहायला मिळती ना, हे आधी कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण भिंतीवर येताना पोथीची चित्रे सुटी होतात. क्रम मोडतो. पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या दोन चित्रांपैकी एक भिंतीकडे तोंड करून राहते. खालच्या पट्टीवर प्रसंगाचे नाव लिहिलेले असते, आणि ते वाचून झाले की प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. रंगांचा ठसठशीतपणा, रेषेचा जोम, लोककलेचा साधेपणा, ही ठरीव विशेषणे म्हणून तो पुढच्या दालनात जातो. साधेपणा हा शब्द येथे विशेष खटकतो. चित्र साधे आहे, कारण अर्धी कलाकृती आवाजात होती आणि ती येथे आणलेली नाही. अर्धवट पुतळ्याच्या हात नसण्याला कोणी शिल्पकाराचा संयम म्हणत नाही.

साहित्याच्या बाजूने नुकसान याहून मोठे आहे. रंग आणि कागद ही वस्तू असल्यामुळे ती विकत घेता आली. संहिता श्वासात असल्यामुळे ती मागे राहिली. मराठी साहित्याच्या इतिहासात कीर्तन, लळीत, भारूड, पोवाडा यांना प्रकरणे मिळाली. चित्रकथ्याच्या कथेला मिळालेली जागा तिच्या मानाने अगदी अपुरी आहे, आणि ती बव्हंशी चित्रकलेच्या ग्रंथांत आहे. ती पोथी आहे हे तिचे सांगणारे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. साहित्याच्या अभ्यासकांनी तो शब्द लाक्षणिक मानला. कोणत्या चित्रावर सांगणारा किती रेंगाळतो, कोठे गद्य सोडून गाण्यावर येतो, कोणते चित्र न दाखवताच उलटतो, या गोष्टी म्हणजे त्या ग्रंथाचे विरामचिन्हांकन आहे. ते जाणणारी माणसे ज्या वेगाने कमी होतात, त्या वेगाने भिंतीवरची चित्रे मुकी होत जातात.

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते टाळण्यासारखे नाही. संग्रहालय म्हणजे प्रयोग नव्हे, ते रक्षण आहे. नाशाच्या तोंडातून जे निघाले ते काढून ठेवणे एवढेच त्याचे काम. सेल्युलॉइड किती नाशवंत असते हे पुण्याला माहीत आहे. 2003 च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीत नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांची अनेक रिळे भस्मसात झाली, आणि त्यांत प्रभातचाही वारसा गेला. अशा वेळी कागदावर उरलेले एखादे रेखाटनसुद्धा अमोल ठरते. हे सर्व खरे. तथापि रक्षण कशाचे, हा प्रश्न तसाच राहतो. आग लागली तेव्हा जळाली ती रिळे होती, म्हणजे गतीची शक्यता होती. चौकटीतील चित्राला आग लागण्याची गरज नसते. त्यातील गती चौकट घालतानाच काढून घेतलेली असते.

हे अटळ आहे असेही नाही. टोकियोजवळ मिताका येथे 2001 मध्ये उघडलेल्या जिबली संग्रहालयात एक फिरते चक्र आहे. त्यावर एकाच पात्राच्या, हालचालीच्या निरनिराळ्या अवस्थांतील अनेक छोट्या मूर्ती बसवलेल्या आहेत. चक्र थांबलेले असताना त्या सुट्या दिसतात. फिरू लागले आणि दिवा लुकलुकू लागला की त्या सगळ्या मिळून एक होतात आणि उड्या मारू लागतात. पुन्हा चक्र मंदावते, पुन्हा त्या सुट्या होतात. मूल तेथे खिळून उभे राहते ते पात्र आवडते म्हणून असेल. पण एक जाणता माणूसही खिळतो, कारण त्याला फट बुजताना आणि उघडताना दिसते. एवढे एक यंत्र शंभर सुंदर पार्श्वचित्रांहून अधिक शिकवून जाते. जर्मनीत ट्यूबिंगेनच्या नगरसंग्रहालयात लोटे रायनिगर हिचा ठेवा आहे. अरबी सुरस कथांवरचा तिचा 'राजपुत्र अहमद' 1926 चा, म्हणजे 'स्नो व्हाइट'च्या अकरा वर्षे आधीचा. काळ्या पुठ्ठ्यातून कात्रीने कापलेल्या तिच्या आकृत्यांचे खांदे, कोपरे, गुडघे तारेने सांधलेले असतात. ही आकृती काचेखाली निपचित ठेवली तरी तिचा सांधा लपत नाही, आणि सांधा दिसला की हात कोठवर उचलला जाईल हे पाहणाऱ्याला आपोआप उमगते. सेल्युलॉइडवरील आकृतीला असा सांधा नसतो. म्हणून तिला शेजारची चित्रे लागतात. एक सुंदर चित्र लावण्याऐवजी लागोपाठची बारा लावावीत, त्यात कुरूपही यावीत, आणि बाराव्याशेजारी ती चित्रपटात जेमतेम अर्धा सेकंद टिकतात हे सांगावे, एवढी माफक अपेक्षा अशा प्रदर्शनाकडून ठेवता येते. ती क्वचितच पुरी होते.

पिंगुळीला याहून सरळ वाट सापडली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच ठाकर आदिवासी कला अंगण हे संग्रहालय उभे केले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुनी पोथी तेथे जतन केलेली आहे, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत, आणि ज्या छपराखाली त्या आहेत तेथेच खेळ होतो. वस्तू आणि तिचा आवाज यांच्यात तेथे एका भिंतीचेही अंतर नाही. मोठ्या शहरातील संग्रहशास्त्राच्या दृष्टीने तेथील मांडणी कदाचित कच्ची ठरेल. प्रकाश, आर्द्रता, नोंदपत्रे यांबाबत तिला पुष्कळ सुचवता येईल. परंतु चित्रकथा म्हणजे काय, हे तेथे गेलेल्या माणसाला समजते.

झाशीत या दोन्ही रीती शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. शहरातील राणीमहालात पुरातत्त्व विभागाने नवव्या ते बाराव्या शतकांतील शिल्पे आणून मांडली आहेत. देवळांतून निखळलेली, प्रदक्षिणेचा मार्ग सुटलेली ही शिल्पे उत्तम आहेत. माडीवरील दरबाराच्या दालनात भिंतींवर व छतावर रंगवलेली फुलेपाखरे मात्र आपल्या जागी आहेत. प्रेक्षक दोन्ही पाहतो आणि फार बोलत नाही. किल्ल्यावर चित्र नाही, शिल्प नाही, तो एक फलक आहे आणि वाटाड्याचा आवाज आहे. वाटाड्या रोज अनेकदा तीच कथा सांगतो. घोडा कोठून आला हे हाताने दाखवतो, तटाशी येऊन क्षणभर थांबतो, आणि ऐकणारे खाली वाकून पाहू लागेपर्यंत पुढचे वाक्य बोलत नाही.